हवेची वाट

आमच्या भरवेलीत मोटारगाडी ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. खाणीचे गाव, ट्रक, डंपर, जीप यांची वर्दळ आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तरीही २०१९ च्या दिवाळीनंतर एका ट्रकच्या हौद्यातून गोल नाकाची, गंजलेली, काचा गेलेली एक व्हॅन आमच्या अंगणात उतरली, तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. शाळेतून निवृत्त होऊन मला वर्षच झाले होते. कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, कबाडीचा धंदा सुरू केला का?" मी हसून वेळ मारून नेली. वडील ओसरीवर बसून पाहत होते. ते काहीच बोलले नाहीत. आई गेल्यापासून ते तसे कमीच बोलत.

आमचे घराणे तुमसरकडचे. आजोबा मँगनीजच्या मागोमाग भरवेलीला आले आणि येथेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आमचे घर मात्र जागचे हलले नाही. वडील १९५८ साली खाणीत लागले, तेव्हा कंपनी इंग्रजांची, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी होती. १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीत मँगनीज ओअर इंडिया निघाली, तीच आजची मॉईल. वडिलांचे काम भूमिगत खाणीतील हवेचे. एवढेच आम्हाला ठाऊक होते. "बाबा हवेच्या खात्यात आहेत," असे आम्ही भावंडे शाळेत सांगत असू आणि मुले हसत.

आता गाडीविषयी. ती फोक्सवॅगन कंपनीची, १९७० सालची. बेन पोन नावाच्या एका डच मोटारविक्रेत्याने १९४७ मध्ये आपल्या वहीत एका खोक्यासारख्या गाडीचे रेखाटन केले. त्यावरून १९५० साली ही गाडी प्रत्यक्षात आली आणि १९५६ पासून जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात बनू लागली. पुढे ब्राझीलमध्ये ती २०१३ अखेरपर्यंत बनत होती. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी अशाच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा प्रवास करीत भारतात उतरत. आमच्या गाडीच्या कागदांवर पहिली नोंद ओरिसातली होती. राउरकेल्याच्या पोलाद कारखान्याच्या कामावर आलेल्या कोणा जर्मन अभियंत्याची ती असावी, असे विकणाऱ्याने सांगितले. खरे-खोटे देव जाणे. मला ती गोंदियाच्या एका राइस मिलमागे कोंड्याच्या ढिगाशेजारी सापडली. भंगाराच्या भावाहून थोडे अधिक देऊन मी ती घेतली.

या गाडीचे इंजिन मागे असते आणि त्यात पाणी नसते. रेडिएटर नाही, त्यामुळे पाणी उकळणे नाही, गळणे नाही. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे निजलेले. वर एक पंखा. डायनॅमोच्याच दांड्यावर हा पंखा बसवलेला असतो आणि एकच पट्टा दोघांना फिरवतो. तापमान दाखविणारा काटा नाही. पट्टा तुटला तर डायनॅमो थांबतो आणि समोर तांबडा दिवा लागतो. तो दिसताच गाडी उभी करायची, एवढाच इशारा. ज्यांनी घरी बजाजची चेतक वापरली आहे, त्यांना ही युक्ती नवी नाही. चेतकच्या इंजिनावरही पत्र्याच्या आवरणाखाली पंखा असतो आणि तो सिलिंडरवर वारा घालतो. म्हणूनच बालाघाटचा जो मिस्त्री मला लाभला, तो आयुष्यभर स्कूटर दुरुस्त केलेला असूनही या इंजिनापुढे बुजला नाही. "चार चेतक एकत्र बांधल्या आहेत, एवढेच," असे तो म्हणाला.

एक गंमत सांगितली पाहिजे. या इंजिनाची मुख्य पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. हे मी कोणाला सांगितले की तो म्हणे, "म्हणजे आपल्या खाणीतलेच की!" मँगनीज वेगळे आणि मॅग्नेशियम वेगळे, हे समजावता समजावता मी थकलो. दोन्ही नावे ग्रीसमधील मॅग्नेशिया या एकाच प्रदेशावरून पडली आहेत, त्यामुळे गावकऱ्यांची चूक अगदीच अवाजवी नव्हती. शिवाय गाडीच्या पोलादी पत्र्यात मँगनीजचा अंश असणारच. तेवढ्यापुरती ती आमच्या गावची नातलग होती.

काम सुरू झाले. तळाचा पत्रा बोटाने खचत होता. तो कापून नवा जोडला. ब्रेकच्या नळ्या बदलल्या, पेट्रोलची टाकी धुऊन घेतली, काचांच्या रबरी पट्ट्या नागपूरहून आणल्या. मध्येच २०२० ची टाळेबंदी आली आणि सारे जग बंद असताना आमच्या अंगणात मात्र हातोडी चालू राहिली. वडील रोज सकाळी खुर्ची सरकवून जवळ बसत. एके दिवशी त्यांनी अचानक विचारले, "हवा आत कुठून येते? आणि बाहेर कुठून जाते?"

मी काहीशा घाईनेच उत्तर दिले, "बाबा, पंखा आहे ना. पंखा हवा घालतो."

"पंखा तर घालेल. पण वाट?"

मी लक्ष दिले नाही. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

त्याचे कारण असे की इंजिनाभोवती असणारे बरेचसे पत्रे आमच्या गाडीत नव्हतेच. कोणा जुन्या मालकाने ते अडगळ समजून काढून टाकले होते. कडेची रबरी पट्टीही नव्हती. पंख्याच्या आवरणाला दोन गोल भोके होती. त्यांतून हीटरकडे हवा नेणाऱ्या नळ्या निघतात. जर्मनीच्या थंडीत त्या हव्यातच. आपल्याकडे गाडीत हीटर कशाला, म्हणून कोणीतरी नळ्या काढल्या आणि भोके तशीच उघडी ठेवली. मलाही त्यात काही गैर दिसले नाही. पत्रे नसल्यास इंजिनाला मोकळा वारा अधिकच मिळेल, असा माझा सरळ हिशेब होता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये इंजिन सुरू झाले. तो आवाज ऐकून गल्लीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर मी गाडी नेली. ऊन रणरणते होते. वीस मिनिटे ती उत्तम चालली. मग जोर कमी झाला, जळक्या तेलाचा वास आला, एक कर्कश आवाज झाला आणि ती थांबली. बैलांनी ओढून घरी आणली. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासून धरला होता आणि त्याच सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जळाला होता.

आता सल्ल्यांचा पाऊस पडला. बहुतेकांचे मत एकच होते: हे जुने लोढणे काढून फेका आणि मारुती ओम्नीचे इंजिन बसवा, पाण्याचे असते, सुटे भाग बालाघाटात मिळतात. मिस्त्रीसुद्धा तिकडे झुकला होता. खर्चाचा आकडा पाहता मीही मनातून तयार झालो होतो. मी तसे ओसरीवर बोलून दाखवले. वडील उठले, काठी टेकत इंजिनापाशी गेले आणि म्हणाले, "इंजिनाचा दोष नाही. तू खाणीतले दार उघडे टाकलेस."

त्या दुपारी वडील दोन तास बोलले. इतके ते माझ्याशी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. जमिनीवर खडूने त्यांनी खाण काढली. हवा आळशी असते, त्यांनी सांगितले. ती नेहमी सोपी वाट धरते. खोल जिथे माणसे काम करतात, तिथवर जाण्याची वाट लांब आणि अवघड. मधल्या जुन्या, सोडून दिलेल्या कामाची तोंडे जवळ. ती बंद केली नाहीत, तर पंखा कितीही मोठा असो, सारी हवा तिथूनच परत फिरते आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून खाणीत हवेची दारे एकामागे एक अशी दोन असतात. एक उघडताना दुसरे लावलेले असावे. आणि वर आलेली वापरलेली, उष्ण हवा पुन्हा आत ओढली जाऊ नये, ही तर पहिली शिस्त. नियमांतले आकडे त्यांना अजून तोंडपाठ होते: ओल्या थर्मामीटरचा पारा ३०.५ अंशांवर गेला तर हवेचा वेग सेकंदाला निदान १ मीटर हवा, ३३.५ अंशांच्या वर तर पारा जाऊच द्यायचा नाही. आई गेल्याची तारीख त्यांना आता आठवत नाही. हे आकडे आठवतात.

मग त्यांनी काठीने माझ्या इंजिनातली एकेक गोष्ट दाखविली. ती दोन भोके म्हणजे जुन्या कामाची उघडी तोंडे. निम्मा वारा तिथूनच पळतो. सिलिंडरांभोवतीचे पत्रे म्हणजे बोगद्याच्या भिंती. त्या नसतील तर वारा सिलिंडरच्या पाळ्यांतून न जाता बाजूने निघून जातो. कडेची पट्टी नसल्यामुळे खालच्या सायलेन्सरची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा आत घेतो. तिसऱ्या सिलिंडरचेही उत्तर मिळाले. या इंजिनात तेल थंड करणारा कूलर नेमका त्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. त्याला मिळणारी हवा आधीच कोमट झालेली असते. १९७१ च्या मॉडेलपासून तो कूलर बाजूला घेण्यात आला, हे मी पुढे वाचले. वडिलांनी ते न वाचताच ओळखले होते. "सगळ्यांत शेवटी हवा ज्याला मिळते, तोच आधी मरतो," एवढेच ते म्हणाले.

मी त्यांचा मुलगा. त्यांच्या नोकरीची छत्तीस वर्षे मी त्याच घरात जेवलो, शिकलो, त्यांच्या पगारावर वाढलो. ते खाणीत नेमके काय करतात, हे मी एकदाही विचारले नव्हते. हवेच्या खात्यात आहेत, एवढ्यावर माझे समाधान झाले होते.

मारुतीचे इंजिन बारगळले. पिस्टन आणि सिलिंडरचा संच पुण्याच्या मुलाने परदेशातून मागवून दिला. पत्रे मात्र बालाघाटातच झाले, आणि तेही उन्हाळ्यात कूलर बनविणाऱ्या एका कारागिराच्या हातून. त्याला काही समजावून सांगावे लागले नाही. गवताच्या जाळीतूनच हवा यावी, फटीतून येऊ नये, हे त्याचे रोजचेच काम. दोन भोकांना झाकणे बसली. कडेला जाड रबरी पट्टी आली.

इंजिन पुन्हा सुरू झाले त्या दिवशी वडिलांनी देवघरातून उदबत्ती मागविली. पेट्रोलची नळी कुठे पाझरत नाही ना, हे आधी मिस्त्रीकडून दोनदा पाहून घेतले. मग खाली बसवत नव्हते तरी ते बसले आणि पेटलेली उदबत्ती इंजिनाच्या कडेने, पट्टीच्या सांध्याखालून हळूहळू फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. एका कोपऱ्यात मात्र तो एकदम वाकला आणि आत ओढला गेला. "इथे," ते म्हणाले. तो सांधा बुजवला. पुन्हा उदबत्ती फिरली. या वेळी धूर कुठेही वाकला नाही.

त्याच वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये, केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. गाडी मूळ स्वरूपात असली, तिचा सांगाडा, कवच आणि इंजिन फारसे बदललेले नसले, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी ती चालवता येत नाही. ओम्नीचे इंजिन बसवले असते तर आमचा अर्ज दारातच अडला असता. वडिलांना हा नियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता वर्षातून काही वेळा परवानगीपुरती गाडी बाहेर निघते. पहिल्या खेपेस आम्ही दोघे वैनगंगेपर्यंत गेलो. वडिलांनी काच खाली घेतली, पण बाहेर पाहिले नाही. सारी वाट ते मागच्या आवाजाकडे कान लावून होते. परतल्यावर त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या झरोक्यावर तळहात धरला, हवा आत जाते आहे याची खात्री केली आणि मग जेवायला आले.

निघण्यापूर्वी इंजिनाच्या कडेने उदबत्ती फिरवण्याचा नेम आम्ही पाळतो. शेजाऱ्यांना वाटते गुरुजी गाडीची पूजा करतात. एकदा मी खरे कारण सांगू लागलो, तेव्हा वडिलांनीच मला थांबवले. म्हणाले, "राहू दे. सांधा तपासला गेला म्हणजे झाले."