सायकलची कुरकुर ऐका!

बालमित्रांनो, सायकल कोणाकोणाला येते? वर्गात मी हा प्रश्न विचारला की सगळे हात भराभर वर जातात. मग मी दुसरा प्रश्न विचारते. पंक्चर कोणाला काढता येतं? झालं! निम्म्याहून जास्त हात खाली.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं सायकलवरून कोकणात गेलो होतो. चौघं म्हणजे मी, माझा दादा, त्याचा नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. रेवदंड्याहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि मुक्काम करत करत हरिहरेश्वर गाठायचं, असा बेत होता. तंबू, पांघरुणं, भांडी, डाळ-तांदूळ, सगळं कॅरिअरवर बांधलेलं. एका छोट्या पिशवीत पाने, पंप, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे, पॉलिश पेपर, जादा तारा आणि तेलाची बाटली.

रेवदंड्याला कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की साळाव आणि मग कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला, त्याला लागूनच दीपगृह. आणि गंमत म्हणजे या गावातले काही लोक घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक वेगळीच भाषा बोलतात, बरं का! ते सगळं बघत असतानाच छोटीच्या चाकातून फुस्सऽ!

"मीच काढणार पंक्चर," ती म्हणाली. ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, पातेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले तिथे खूण केली. जागा पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावलं. ते थोडं सुकू द्यायचं, मगच तुकडा दाबून बसवायचा. अगदी शाबासकी देण्यासारखं काम! पण एक किलोमीटर जातो न जातो तोच पुन्हा फुस्स. का सांगा बरं? बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच होता! पंक्चर ट्यूबला होतं, पण त्याचं कारण टायरमध्ये बसलेलं. आता ती आधी टायरच्या आतून हलक्या हाताने चाचपून बघते. तुम्हीही तसंच करा.

त्या रात्री काशीदला एका वाडीच्या मालकांना विचारून त्यांच्या वाडीत तंबू ठोकला. झोपण्यापूर्वी सगळ्या सायकलींच्या चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडले. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं आणि वाळूने चेन झिजते, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुरूडच्या पुढे, राजपुरीकडच्या चढावरून समुद्रातला जंजिरा दिसला. मराठ्यांना शेवटपर्यंत न मिळालेला किल्ला! आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, थोरला मात्र गप्पगप्प होता. आगरदांड्याच्या जेट्टीवर आलो तेव्हा त्याचं मागचं चाक डुलताना दिसलं. रिम ब्रेकला घासत होती. खाली वाकून बघितलं, तर एक तार तुटलेली.

"कधी तुटली रे?"

"नांदगावजवळ टण् असा आवाज आला होता, आत्या. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही परत फिराल." आणि मग हळूच, "भांड्यांची पिशवी मीच हट्टाने माझ्या कॅरिअरवर घेतली होती ना."

मी चांगलीच रागावले. "इतके किलोमीटर लपवून ठेवलंस? चाक बसलं असतं तर?" त्याचे डोळे भरून आले.

मागच्या चाकावर सगळं ओझं असतं, म्हणून तारा बहुधा तिथल्याच तुटतात. आमच्याकडे जादा तार होती, पण तुटलेली तार फ्रीव्हीलच्या बाजूची. फ्रीव्हील काढल्याशिवाय ती बसवता येत नाही, आणि तो पाना आम्ही आणलाच नव्हता! मोबाइल होता खिशात, पण त्याने काही तार बसत नाही. मग दादाने तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, रिम घासू नये म्हणून मागचा ब्रेक सैल केला आणि भांड्यांची पिशवी स्वतःच्या सायकलवर घेतली. फेरीबोटीतून खाडी ओलांडून आम्ही दिघीला उतरलो.

दिघीनंतर चढ. सायकली ढकलत माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. पुढे मोठा उतार.

"आत्या, हळूहळू बसून जाऊ या ना!" थोरला म्हणाला.

"नाही. तुझा एकच ब्रेक चालतोय. सगळ्यांनी चालतच उतरायचं," दादाने सांगून टाकलं.

सायकल धरून उतरताना मी सहज माझा ब्रेक दाबला. खर्रऽ असा आवाज आला. वाकून बघते तर ब्रेकच्या रबरांवरच्या खाचा पार झिजून गेलेल्या! ती खरखर मी दोन दिवस ऐकत होते. निघण्यापूर्वी मुलांच्या सायकली मी तपासल्या होत्या, माझी मात्र 'बघू नंतर' म्हणून तशीच राहिली. चालतच तर उतरत होतो. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं.

पण मला जेट्टीवरचे ते भरलेले डोळे आठवले. मी थांबले आणि सगळ्यांना माझे ब्रेक दाखवले.

"मग मला कशाला एवढी रागावलीस?" थोरल्याने विचारलं.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अंधार पडायच्या आत दिवेआगर गाठणं काही जमलं नाही. खालच्या गावात विचारून शाळेच्या व्हरांड्यात पथाऱ्या पसरल्या. सकाळी बोर्ली पंचतनच्या बाजारात सायकलवाल्या काकांनी तार बसवली, चाकाचा आउट काढला, माझे रबर बदलले. शेजारच्या दोन ताराही सैल झाल्याचं त्यांनी दाखवलं. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर येतो, आणि मग त्यांचा नंबर लागतो. त्यानंतर हरिहरेश्वरपर्यंत कुठेही जरासं 'टण्' किंवा 'खर्र' झालं की आधी ओरडायचा तो थोरलाच!

तेव्हा मित्रांनो, या रविवारी आपापली सायकल उलटी करा. चाक फिरवा, ते डुलतं का बघा. तारा बोटाने छेडा, एखादी सैल लागते का ऐका. ब्रेकच्या रबरांवरच्या खाचा बघा. काही बिघडलेलं सापडलं, तर लगेच आईबाबांना सांगा. आणि आईबाबा, मुलं सांगायला आली की आधी सायकल बघा हं, रागवायचं नंतर!