रायगडाला कधी जावं?

मी मूळचा महाडचा आणि नोकरीला पुण्यात. त्यामुळे ऑफिसात कुणालाही रायगडाला जायचं असलं की पहिला मेसेज मला येतो: "बेस्ट टाइम कोणता रे?" जुलै २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर हे मेसेज वाढलेच आहेत. माझं उत्तर तयार असतं. कॉपी करायचं, पेस्ट करायचं.

उत्तर असं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. महाडहून पाचाड साधारण पंचवीस किलोमीटर. सातच्या आत चित् दरवाजापाशी पायऱ्यांना लागायचं. लाँग वीकेंड टाळायचा. जुलै-ऑगस्टमध्ये गड हिरवागार असतो, पण धुक्यात जगदीश्वराचं देऊळ समोर असून दिसत नाही आणि पाऊस चढला की पायऱ्यांचाच धबधबा होतो. जुलै २०२४ मध्ये तसंच झालं, पर्यटक वाटेत अडकले आणि प्रशासनाला पायरीमार्ग बंद करावा लागला. मार्चनंतर कातळ तापतो, वर सावली नाही. जूनमध्ये राज्याभिषेक सोहळा. ती गर्दी अनुभवायची असेल तरच जा. आणि मे? मे नकोच.

हे उत्तर मी किती लोकांना दिलं असेल, मोजलेलं नाही. एका माणसाच्या बाबतीत मात्र ते कधी वापरलं गेलं नाही. माझ्या आईच्या.

आईनं गड एकदाच पाहिलाय. लग्नाच्या वर्षी, १९९५ साली, म्हणजे रोपवे व्हायच्या एक वर्ष आधी. बाबांबरोबर पायऱ्या चढून गेली होती. त्यानंतर तीस वर्षं पंचवीस किलोमीटरवर राहून जाणं झालं नाही. मला नोकरी लागली तेव्हा मी म्हणालो, "या थंडीत नेतो तुला." २०१९ ची ती थंडी. नवी नोकरी, रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी कोरोना. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, आमच्या घरात स्विचबोर्डाच्या वर पाणी होतं. ती दिवाळी चिखल काढण्यात आणि कागदपत्रं वाळवण्यात गेली. नंतर माझं रिलीज. मग आईचा गुडघा. मग पुन्हा गुडघा. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणूनच सहा थंड्या गेल्या आणि मला अपराधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात चार दिवस घरी होतो. रात्री जेवताना आई म्हणाली, "उद्या पाचाडला जाऊ."

"आई, मे आहे."

"माहितीये. कॅलेंडर माझ्याच स्वयंपाकघरात लटकतंय."

सकाळी निघालो. वाटेत बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. आईनं दोन द्रोण घेतले. माझा बेत सरळ होता: हिरकणीवाडीला जायचं, रोपवेनं वर, अकराच्या आत खाली. पण आई म्हणाली, आधी जिजाऊंच्या समाधीपाशी. तिथे ती बराच वेळ बसली. मग वाड्यात गेलो. वाड्याची आता जोतीच उरली आहेत. आत तक्क्याची विहीर आहे, काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या कोरलेला. जिजाऊंना गडावरची हवा मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी पायथ्याशी हा वाडा बांधला असं सांगतात.

दहा वाजले होते आणि ऊन चावायला लागलं होतं. आईनं गडाकडे बघत विचारलं, "मग राज्याभिषेकाला त्या वर कशा गेल्या असतील? वय केवढं होतं?"

"पंचाहत्तरी ओलांडलेली. पालखीतून गेल्या असतील."

"ऊन पालखीतही लागतं."

मी फोन काढला. तारखांचे बग शोधणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ६ जून १६७४ ही तारीख नेमकी कुठल्या कॅलेंडरची, हा प्रश्न डोक्यात आलाच. ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. इंग्रज १७५२ पर्यंत तेच वापरत होते, आणि सतराव्या शतकात ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा दिवस आजच्या हिशेबानं १६ जून. आणि जिजाऊ गेल्या तो १७ जून म्हणजे आपला २७ जून.

२७ जूनचं महाड मी लहानपणापासून बघतोय. सावित्री गढूळ झालेली असते, दप्तरातली वही ओली आणि भिंतींना ओल. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील मे महिन्यात इथे पाचाडला येऊन थांबला होता, कारण महाराज तेव्हा प्रतापगडावर होते. म्हणजे सगळी धावपळ याच तापलेल्या दिवसांत झाली. पाऊस त्या वर्षी नेहमीसारखा लागला असेल, तर मुलाचा राज्याभिषेक पाहून अकरा दिवसांनी त्या इथे पावसाच्या आवाजात गेल्या असतील. मी लोकांना जे दोन महिने टाळायला सांगतो, नेमके तेच हे दोन महिने.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बघ. मुलाचं बघितलं आणि गेल्या." मग म्हणाली, "तू वर जाऊन ये. मी बसते इथे सावलीला."

"रोपवेनं पाच-सात मिनिटांत पोचू."

"वर पोचल्यावर चालायचंय ना?"

चालायचं होतं. होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी, सगळं उघड्या उन्हात. सहा वर्षांपूर्वी ती चालली असती. मी वर गेलो नाही.

गावात एका घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. आम्ही दोघंच होतो. मावशींना सहज विचारलं, इथला चांगला मोसम कोणता. त्या म्हणाल्या, "थंडीच बरी. पाहुणे येतात आणि विहिरीला पाणी असतं." जेवण झाल्यावर आईनं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं नाही, पिऊन टाकलं.

परत येताना रायगडावर ढग जमले होते, पडणारे नव्हते. महाडच्या अलीकडे गाडी थांबवली तेव्हा ऑफिसातल्या एकाचा मेसेज होता: "रायगड, बेस्ट टाइम?" जुनंच उत्तर पेस्ट केलं, ते चुकीचं नाहीच. खाली एक ओळ घातली: घरातलं कुणी वयस्कर येणार असेल तर थंडीची वाट बघू नको, सकाळी लवकर निघा आणि निदान पाचाडपर्यंत जाऊन या.

शेजारी आई दुसरा द्रोण संपवत होती. बोटांना लागलेला करवंदाचा चीक पुसायला तिनं माझा रुमाल मागितला.