बाटलीतल्या डाळिंबाला मूळ फुटते तेव्हा

जळगाव म्हटले की डोळ्यांपुढे केळी येते. पण त्या बाजूला कधी गेलात, तर ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा जरूर पाहा. केळीबरोबर डाळिंबाची रोपेही तेथे बाटलीत वाढतात.

चपला बाहेर काढायच्या, अंगात स्वच्छ कोट, डोक्याला टोपी. एवढे सोवळे कशासाठी? बाटलीतले अन्न साखरेचे आणि क्षारांचे. बुरशीचा एक कण पडला तरी बाटली वाया. म्हणून ते अन्न १२१ अंशांच्या वाफेत शिजवून निर्जंतुक करतात.

त्यात निरोगी डाळिंबाच्या कोवळ्या फांदीचा डोळ्यासह तुकडा लावतात. कापावरून रस सुटतो, अन्न काळे पडते. मग तुकडा नव्या बाटलीत हलवायचा. सायटोकायनिन या संजीवकामुळे एकाचे अनेक फुटवे होतात. पण फुटव्याला मूळ नाही, तोवर ती नुसती काडीच! मुळासाठी अन्नातले क्षार बहुधा निम्मे करतात आणि आयबीए किंवा एनएए हे संजीवक घालतात. गुटी बांधताना आपण सालीला लावतो, तेच हे आयबीए. काही आठवड्यांत बाटलीच्या तळाशी पांढरी मुळे दिसू लागतात.

तरी हे रोप लगेच शेतात चालत नाही. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही, पानांची छिद्रेही मिटत नाहीत. उन्हात ठेवले तर लगेच मान टाकते. म्हणून आधी कोकोपीटमध्ये, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली; मग पिशवीत, शेडनेटच्या सावलीत त्याला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

एवढा खटाटोप का? तेल्या रोग झालेल्या बागेतली गुटी आणली, तर तिच्याबरोबर रोगाचे जिवाणूही घरी येतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पावसाळ्यात डाग पडतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. ऊतिसंवर्धित रोप निरोगी असते, रोगाला न जुमानणारे नसते. शेजारच्या बागेतून पावसाच्या उडत्या थेंबांनी, न धुतलेल्या छाटणीच्या कात्रीने तेल्या त्यालाही गाठतो. म्हणून रोपे घेताना विचारा: मातृवृक्षाची रोगतपासणी झाली का? रोप शेडनेटमध्ये पुरते रुळले का? पिशवीतली मुळे पांढरी, ताजी आहेत का? पक्की पावती घ्या, जपून ठेवा. आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. प्रयोगशाळेने राखलेले सोवळे पुढे बागेत आपणच राखायचे आहे.