केवडा, हळद्या आणि जुळे विषाणू

साहित्याच्या वर्गात आम्ही सतत वर्गीकरण करतो. ही कथा, ही दीर्घकथा, हे ललित. त्यात गडबड झाली तर फार तर दोन मार्क जातात. शेतात मात्र नावावर अख्खा हंगाम अवलंबून असतो.

सिल्वासाला आमच्या घरामागच्या तुकड्यात मम्मी आणि शेजारच्या काकी मिळून भेंडी लावतात. काकी वारली. माझ्याशी मराठीत बोलतात, बाजारात गुजरातीत. जुलैत भेंडीच्या पानांच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या झाल्या. काकी म्हणाल्या, "केवडा आला." मम्मी त्यालाच हळद्या म्हणते. कृषीच्या पुस्तकात तो यलो व्हेन मोझॅक. नावं तीन, रोग एक. मिरचीच्या चुरडा-मुरड्याचं उलटं आहे. तिथं नाव एक, पण कारण कधी विषाणू, कधी फुलकिडे, कधी कोळी. म्हणजे औषधही एकच कसं चालेल?

मग मी वाचायला घेतलं. पिकांवरचे बहुतेक विषाणू आरएनएचे असतात. डीएनएवाले थोडे, आणि त्यांची मुख्य घराणी तीन. कॉलिमोव्हिरिडीचा डीएनए दुपदरी. त्यांचं नाव फुलकोबीवरून पडलं. नॅनोव्हिरिडीचा एकपदरी, पण तुकड्यातुकड्यांत, प्रत्येक तुकडा वेगळ्या कवचात. केळीचा पर्णगुच्छ रोग यांचाच. तो मावा किडीतून आणि रोगट मुनव्यांतून पसरतो. तिसरं घराणं जेमिनिव्हिरिडी. त्यांचं कवच दोन गोळे चिकटल्यासारखं, म्हणून मिथुन राशीचं नाव. भेंडीचा विषाणू या जुळ्यांपैकी, बेगोमो वंशातला. 'बेगोमो' हा शब्द बीन गोल्डन मोझॅकच्या आद्याक्षरांचा. त्याचा डीएनए सुमारे 2,700 अक्षरांचा, म्हणजे साधारण या लेखाएवढा! सोबत त्याच्या निम्म्या आकाराचा एक उपग्रह-डीएनए असतो. तो नसेल तर पिवळी जाळी नीट उमटतच नाही.

हा रोग हात लावून किंवा वाऱ्याने पसरत नाही. पांढरी माशी रोगट पानाचा रस शोषते, विषाणू तिच्या अंगात शिरतो, आणि मग ती कितीतरी दिवस झाडामागून झाड बाधित करते. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. म्हणून सल्ला एकच: माशी आवरा आणि रोगट झाड लवकर उपटा.

इथं आमच्याकडे वाद झाला. झाडं अजून भेंड्या देत होती, आणि काकींचा आठवड्याचा बाजार त्यांवर चालतो. मम्मीला शुभवर्तमानातला निदणाचा दाखला आठवला. मालक म्हणतो, उपटू नका, गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मी म्हटलं, "मम्मी, तिथं निदणाबरोबर गहूही उपटला जाण्याची भीती होती. शिवाय निदणाच्या शेजारी राहून गव्हाचं निदण होत नाही. इथं होतं." काकी गप्प ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी तर गेलीच. पण दिराची भेंडी आत्ताच उगवलीय." त्यांनी कोवळ्या भेंड्या तोडून पदरात घेतल्या आणि बांधाकडची अकरा झाडं उपटली. त्या आठवड्याची टोपली अर्धीच भरली. दाखला माणसांसाठी आहे, हे त्या दिवशी मला जास्त पटलं. माणूस बदलू शकतो, म्हणून त्याला कापणीपर्यंत वेळ.

या रोगाची पहिली नोंद आपल्याच भागातली आहे: 1924 साली, मुंबई इलाख्यातून, जी. एस. कुलकर्णी यांची. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' ही प्रतिकारक जात काढली. पण विषाणूही बदलतो. आता तिच्यावरही रोग दिसतो.

आणि साहित्यवाल्यांसाठी एक गंमत. जपानची सम्राज्ञी कोकेन हिने 752 साली एका कवितेत ऐन उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या पानांचं वर्णन केलं. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या झाडाचा पिवळेपणा जुळ्या विषाणूचा आणि त्याच्या उपग्रहाचा. तिला विषाणू हा शब्द ठाऊक नव्हता. पण तिने नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं. काकींच्या 'केवडा' या शब्दातही तेच नीट पाहणं आहे. आपण निदान ते शब्द टिपून ठेवूया.