आडवाटेचें दर्शन

फ्लॉरिडांत १९९८ सालीं उघडलेल्या डिस्नेच्या ‘ॲनिमल किंगडम’मध्यें प्रेक्षकांची झुंबड २००६ सालच्या कृत्रिम एव्हरेस्टकडे, नाहींतर २०१७ सालच्या पँडोराकडे लोटते. आम्हीं मात्र ‘महाराजा जंगल ट्रेक’ ही पाऊलवाट पत्करली. तेथें पडक्या राजवाड्याचा देखावा खोटा असला, तरी वाघ खरे आहेत, आणि उलटीं टांगलेलीं प्रचंड वटवाघुळेंही खरीं आहेत. वाघ झोंपला असेल तर ताटकळावें लागतें. यंत्राप्रमाणें तो वेळेवर हजर होत नाहीं. आमच्या मतें हाच त्याचा जिवंतपणा होय. प्राणी आपल्या सोयीनें दिसला तर करमणूक होते. आपण त्याच्या सोयीनें थांबलों तरच ओळख होते. बंदिवासांतील वाघाला एवढा मान देणें तरी आपल्या हातीं आहे.