सपाटीवरचा किल्ला

गुडघेदुखी सुरू झाल्यापासून आईचे फिरणे मीच थांबवले होते. ‘पडलीस तर?’ हा माझा ठरलेला प्रश्न. दोन वर्षांत तिचे जग पलंग, देवघर आणि ओसरी एवढेच उरले. मांड्यांतील बळ ओसरले आणि पडण्याचा धोका उलट वाढला. रुग्णांना ‘हालचाल ठेवा’ असे बजावणाऱ्या डॉक्टरच्या घरातली ही स्थिती! गेल्या हिवाळ्यात मी ती चूक सुधारायचे ठरवले.

तिरोड्याहून अंबागड जवळचा. पण तो डोंगरावर. म्हणून तुमसरमार्गे रामटेकजवळच्या नगरधनला गेलो. हा भुईकोट किल्ला. भक्कम तट, बुरूज, भव्य दरवाजा आणि आत मोकळे आवार. आजचे बांधकाम नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मानतात. गाव मात्र त्याहून फार जुने. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. पतीच्या निधनानंतर, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, लहान मुलांच्या वतीने तिने राज्यकारभार सांभाळला. हे ऐकून आई म्हणाली, “तिला कुणी घरी बसवलं नाही म्हणायचं!” मी निरुत्तर झालो.

उन्हे चढण्याआधी आम्ही आवारात फिरलो. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी, दर पाच-दहा मिनिटांनी बैठक, उठल्यावर क्षणभर उभे राहून मगच पहिले पाऊल. लघवीला जावे लागेल म्हणून प्रवासात पाणी टाळण्याची सवय अनेक ज्येष्ठांना असते, तिलाही होती. त्यामुळे वाटेतले स्वच्छतागृह आधीच ठरवून ठेवले होते. नेहमीच्या गोळ्या वेळेवर दिल्या. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी खाण्याचा डबा आणि थोडी साखर जवळ ठेवावी.

किल्ल्यात जमिनीखाली देवीचे स्थान आहे. तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर अधिक भार येतो. मी आधारासाठी हात पुढे केला. आईने पायऱ्यांकडे पाहिले, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मी इथूनच हात जोडते. तू जाऊन ये.”

मी खाली गेलो. दोन वर्षे तिच्या वतीने मी जो निर्णय घेत होतो, तो तिने अर्ध्या मिनिटात आणि माझ्याहून नेमका घेतला होता.

घरातील वडीलधाऱ्यांना सहलीला न्यायचे असेल, तर ठिकाण त्यांच्या पायांना झेपेल असे निवडावे, वैद्यकीय सल्ला घ्यावा. पण कुठे थांबायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. परतताना आईने विचारले, “अंबागडाच्या पायथ्यापर्यंत तरी गाडी जाते ना?”