मार्गशीर्षातील धाव

महसूल खात्यातील बत्तीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, दप्तरांच्या धुळीत खुर्चीला खिळून घालवलेल्या आयुष्याची काही अंशी भरपाई करावी, या हेतूने मी पहाटे धावण्याचा नेम धरला. आणि पुण्यातील दांडेकर पुलापासून विठ्ठलवाडीपर्यंत जाऊन परत येण्याचा तो नेम, पावसाळा धरून, सहा महिने निर्वेध चालला. मार्गशीर्ष लागला आणि त्यात विघ्न आले.

प्रत्यक्ष धावताना मला फारसा त्रास होत नसे. घरी येऊन पायरीवर टेकलो, की पाच-दहा मिनिटांनी छाती आवळल्यासारखी होई, कोरडी ढास लागे आणि श्वास सोडताना बारीक शीळ वाजे. तासाभरात सारे आपोआप शमे. ही वयाची कुरकुर आहे, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला आणि तिला नमवण्यासाठी वेग वाढवला. पौषातल्या एका पहाटे, रस्त्याकडेला पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर मालमोटारींच्या धुरात मिसळून कमरेइतक्या उंचीवर तरंगत असताना, विठ्ठलवाडीच्या अलीकडे मला एका भिंतीचा आधार घ्यावा लागला. सलग एक वाक्य बोलणेही अशक्य झाले. रोज त्या वेळी भेटणाऱ्या दूधवाल्याने मला आपल्या गाडीवर बसवून घरी पोचवले. ‘काका, थंडीत हवा लई जड होते हितं,’ एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, हे मी ज्यांना दाखवायला गेलो त्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. पुणे टेकड्यांमधल्या खोलगट जागी वसलेले. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तळाशी बसते, वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते, आणि ऊन चांगले तापेपर्यंत शहराचा धूर त्या झाकणाखाली कोंडून पडतो. मी पवित्र मानलेली वेळ नेमकी तीच होती.

दुसरे कारण माझ्या व्यायामातच होते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोराने धावताना ते प्रमाण साठ, ऐंशी, कित्येकदा शंभर लिटरांपर्यंत चढते, आणि एवढी हवा नाकाला पुरवता येत नाही, म्हणून तोंड उघडावे लागते. नाक हा देहाचा जकातनाका आहे. तिथे हवा गाळली जाते, तापवली जाते, ओलसर केली जाते. तोंडावाटे शिरलेला माल झडतीवाचून थेट आत पोचतो. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिकांच्या अस्तरातले पाणी उडते, उरलेल्या द्रवातील क्षारांची तीव्रता वाढते, तेथील पेशी दाहक द्रव्ये सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आखडतात. धुरातले अडीच मायक्रॉनांहून सूक्ष्म कण त्याच अस्तराला आधीच सुजवून ठेवतात. बाईंनी मला पळवून, थांबल्यावर दहा मिनिटांनी श्वास सोडण्याचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावले: पळण्यापूर्वीचा 430 चा आकडा 350 वर आला होता. लंडनमध्ये दम्याच्या 60 रुग्णांना दोन तास डिझेल गाड्यांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि दुसऱ्या खेपेस हाइड पार्कमध्ये चालवून पाहिले होते, तेव्हा रस्त्यावर त्यांच्या फुफ्फुसांची शक्ती अधिक घटली, असा 2007 साली प्रसिद्ध झालेला दाखलाही त्यांनी दिला. तिथे तर लोक नुसते चालत होते.

धावणे सोडण्याची गरज पडली नाही. आता थंडीत मी ऊन वर आल्यावर तळजाईच्या टेकडीवर जातो, आधी पंधरा मिनिटे सावकाश चालून अंग तापवतो, नाकावर रुमाल बांधतो, आणि बाईंनी दिलेला फवारा खिशात असतो. वहीत टिपून ठेवलेला मीटरचा आकडा हल्ली 400 च्या खाली क्वचितच उतरतो.

दूधवाला मात्र अजून त्याच रस्त्याने, त्याच काळोखात जातो. झाडूवाल्या बायाही तिथेच वाकून, धापा टाकत, तीच जड हवा घेतात. आणि त्यांची वेळ ठरवणे त्यांच्या हाती नाही. म्हणून ज्या वाड्यांच्या, सोसायट्यांच्या फाटकांशी पहाटे पाचोळा पेटवला जातो, तेथील रहिवाशांना माझी हात जोडून विनंती आहे, की त्यांनी तो खड्ड्यात पुरावा. एका पावसाळ्यात त्याचे उत्तम खत होते.